परसबाग : कात्री हातात घेण्यापूर्वी

माघ सरत आला की परसातले सीताफळ उघडे पडते. जुनी पाने गळून गेलेली असतात, नवी फूट यायला अवकाश असतो, आणि एरवी दाट पालवीत दडलेला झाडाचा सांगाडा स्पष्ट दिसू लागतो. कोणती फांदी कोणत्या फांदीवर घासते आहे, कोणती वाळून गेली आहे, कोणती आतल्या अंगाला वळून उजेड अडविते आहे, हे याच दिवसांत नीट पाहता येते. बागकामाच्या पुस्तकांत या दिवसांपुढे ‘छाटणी’ असा एकच शब्द लिहिलेला असतो. आपल्या घरांतून मात्र तो शब्द सहजासहजी उच्चारला जात नाही.

त्यामागचा संकोच समजण्यासारखा आहे. वनस्पती हा एकेंद्रिय जीव आहे हे आपल्याकडे मूल पाठशाळेत शिकते. पर्वतिथीला हिरवी भाजी न चिरणाऱ्या गृहिणीने हिरव्या फांदीवर कात्री कशी चालवावी? म्हणून अंगणातले लिंबू वाढेल तसे वाढू दिले जाते. पेरू दुसऱ्या मजल्याच्या खिडकीपर्यंत पोचतो. पाच-सात वर्षांनी लिंबाच्या काटेरी फांद्या शेजाऱ्यांच्या वाटेवर येतात, पेरूची डहाळी विजेच्या तारेला टेकते, आणि मग घाईघाईने कोणातरी कोयतेवाल्याला बोलावले जाते. एका दुपारी निम्मे झाड जमिनीवर येते. दरवर्षी कात्री चालवायची नाही म्हणून जी इजा टाळली, ती कोयता व्याजासकट वसूल करतो.

जांभळाच्या झाडाखाली आलेल्या सहा भुकेल्या वाटसरूंचे लेश्यांचे चित्र आपल्यापैकी पुष्कळांनी मंदिराच्या भिंतीवर पाहिलेले असेल. एक जण झाड मुळासकट पाडू म्हणतो, दुसरा थोरली फांदी तोडू म्हणतो, तिसरा डहाळी, चौथा घोस, पाचवा पिकलेली फळेच तेवढी तोडू म्हणतो. सहावा खाली पडलेल्या फळांवर संतुष्ट असतो. छाटणीला विरोध करताना घरातील वडीलधारी मंडळी याच चित्राचा दाखला देतात. पण ते सहाही जण फळासाठी आले होते आणि फळ मिळताच निघून जाणार होते. परसातल्या झाडाशी आपला संबंध तसा नाही. ते आपण लावले, बांधलेल्या घराच्या दोन भिंतींमध्ये लावले, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षे ते आपल्या हाताखाली राहणार आहे.

समंतभद्राचार्यांच्या रत्नकरंडक श्रावकाचारात अनर्थदंडाच्या प्रकारांत प्रमादचर्या सांगितली आहे, आणि तिच्यात विनाकारण केलेल्या वनस्पतिछेदाचा स्पष्ट समावेश आहे. धर्मचर्चा हा या सदराचा विषय नव्हे. ज्यांना शंका असेल त्यांनी ती महाराजांसमोर मांडावी. परंतु ‘विनाकारण’ हा शब्द बागेत फार उपयोगाचा आहे. प्रत्येक फांदीपुढे उभे राहून ‘ही का कापायची?’ या प्रश्नाचे एका वाक्यात उत्तर देता आले पाहिजे. वाळली आहे, दुसरीवर घासते आहे, कलमाच्या सांध्याखालून फुटली आहे, आतला उजेड अडविते आहे. उत्तर सुचत नसेल तर कात्री खिशात ठेवावी. व्यावसायिक बागाईतदारही याहून निराळे काही करीत नाही. त्याची उत्तरे फक्त आपल्यापेक्षा लवकर तयार असतात.

आता झाडाच्या बाजूने पाहू. फांदीच्या टोकाला असलेला कोवळा शेंडा ऑक्सिन नावाचे द्रव्य तयार करतो. ते फांदीतून खाली उतरते आणि खालच्या डोळ्यांना निजवून ठेवते. शेंडा काढला की तो अंमल संपतो आणि कापाखालचे दोन-चार डोळे जागे होऊन प्रत्येकातून एक फांदी निघते. म्हणजे नुसते शेंडे मारीत गेल्याने झाड विरळ होत नाही, उलट अधिक दाट होते. फांदी तिच्या उगमापाशी, जिथून ती मोठ्या फांदीला फुटली तिथून, पूर्ण काढली तर मात्र जागा मोकळी होते आणि नवे धुमारे फारसे येत नाहीत. पहिल्याला शेंडा मारणे म्हणावे, दुसऱ्याला विरळणी. रोपटे लहान असताना त्याला फांद्या फुटाव्यात म्हणून शेंडा मारायचा, आणि वाढलेल्या झाडात उजेड यावा म्हणून विरळणी करायची, एवढा भेद लक्षात आला की निम्मी छाटणी समजली. दाट झाड विरळ करण्यासाठी वरून सपाट कापून टाकणे ही आपल्याकडची सर्वांत प्रचलित आणि सर्वांत उलट्या परिणामाची रीत आहे.

कोयत्याने निम्मे झाड उतरविले की काय होते? पाने ही झाडाची रोजची मिळकत, आणि खोडात-मुळांत साठविलेले पिष्ट ही त्याची शिल्लक. मिळकत एकाएकी निम्मी झाली की झाड शिल्लक मोडून भराभर पाने उभी करू पाहते. त्यातून सरळ वर जाणारे, जाडजूड, लुसलुशीत धुमारे फुटतात. शेतकरी त्यांना पानसोट म्हणतात. त्यांना लवकर फळ धरत नाही, पण त्यांच्या कोवळ्या पानांवर मावा आणि पाने पोखरणाऱ्या अळ्या मात्र लगेच येतात. दोन वर्षांत झाड पूर्वीपेक्षा दाट होते आणि पुन्हा कोयता येतो. म्हणूनच एका वर्षात पालवीच्या चौथ्या हिश्श्यापेक्षा अधिक काढू नये, असा साधारण नियम जाणकार पाळतात. निरोगी घरगुती झाडाला पुष्कळदा दहाव्या हिश्श्याइतकेही काढावे लागत नाही.

छाटणीच्या बाजूने माझ्या मते सर्वांत बळकट कारण आणखी निराळे आहे. दाट, दमट, अंधाऱ्या झाडात पिठ्या ढेकूण, खवले कीड आणि त्यांच्या चिकट स्रावावर वाढणारी काळी बुरशी ठाण मांडून बसते. मग माळी औषध मारा म्हणतो. चार फांद्या काढण्याचा संकोच केल्यामुळे शेवटी चालत्या-फिरत्या जिवांवर विषाचा फवारा मारण्याची वेळ यावी, हा हिशेब कोणत्याही अंगाने जुळत नाही. ऊन आणि वारा आतवर पोचू लागला की कीड नाहीशी होते असे नव्हे. पण ती डोईजड होत नाही, आणि बहुतेक घरांत फवाऱ्याची गरजच उरत नाही.

पेरूच्या बाबतीत तर छाटणीचा प्रश्न थेट ताटापर्यंत येतो. पेरूला फुले येतात ती नव्या फुटीवर, पानांच्या बगलेत. फाल्गुन-चैत्रापासून आलेल्या फुलांची फळे पावसाळ्यात तयार होतात. यास आंबे बहार म्हणतात. या बहाराच्या फळांना फळमाशीचा उपद्रव सर्वाधिक. माशी सालीखाली अंडी घालते, फळ बाहेरून गोजिरे दिसते आणि फोडले की आत अळ्या वळवळताना आढळतात. आपल्या घरांत असे फळ पाहिल्यावर त्या मोसमात पुन्हा पेरू कापण्याची कोणाची इच्छा राहत नाही. पावसाच्या आरंभी आलेल्या फुलांची, म्हणजे मृग बहाराची फळे हिवाळ्यात येतात. ती अधिक गोड, अधिक टिकाऊ असतात, आणि थंडीत फळमाशीचा जोर पुष्कळ ओसरलेला असतो. तेव्हा पावसाळी बहार टाळून हिवाळी बहार घ्यावा, हे शहाणपणाचे.

त्यासाठी मे महिन्यात गेल्या मोसमातील फुटीचा, म्हणजे अजून हिरवट व चौकोनी असलेल्या डहाळ्यांचा, साधारण निम्मा भाग कात्रीने कापावा. त्याबरोबर आंबे बहाराची फुले व बारीक फळे निघून जातात. कापाखालचे डोळे फुटतात, पाऊस पडेपर्यंत नवी फूट हातभर होते, तिच्यावर मृगाची फुले येतात आणि मार्गशीर्ष-पौषात टोपली भरते. याच वेळी उंचीलाही आवर घालावा. घरचा पेरू सात-आठ फुटांवर ठेवला की प्रत्येक फळ हाताने तोडता येते, जमिनीवर पडून कुजत नाही, आणि हवे तर कोवळेपणीच फळावर कागदी वा कापडी पिशवी बांधून माशीला दूर ठेवता येते. वीस फुटांवरचा पेरू हा माणसांसाठी नसतोच.

ज्यांना मे महिन्यातील ही छाटणीही नको वाटते, त्यांच्यासाठी पेरूच एक दुसरी वाट देतो. त्याच्या फांद्या लवचिक असतात. लांब, सरळ वाढलेली फांदी हळूहळू आडवी वाकवून सुती दोरीने खुंटीला किंवा शेजारच्या खोडाला बांधून ठेवली, तर शेंड्याचा अंमल आपोआप कमी होतो आणि फांदीच्या वरच्या अंगाचे डोळे ओळीने फुटतात. त्या नव्या फुटीवर फुले येतात. बहार धरण्याची ही रीत बागाईतदारही वापरतात. बांधण्यापूर्वी फांदीवरील बारीक फुटवे व जुनी फळे काढून टाकतात, टोकाची पाने तेवढी राखतात. दोरी साल कापणार नाही इतकी सैल असावी आणि दीड-दोन महिन्यांनी आठवणीने सोडावी. न कापता फळ मिळविण्याची ही युक्ती परसात आजमावून पाहण्याजोगी आहे. लिंबावर व डाळिंबावर मात्र हा प्रयोग करू नये; फांदी मोडते आणि काटे हाती येतात.

कागदी लिंबू हे आपल्या परसातले सर्वांत सोशिक आणि सर्वांत दुर्लक्षित झाड. त्याला नियमित छाटणीची फारशी अपेक्षा नसते. पाहायचे ते तीन-चार ठिकाणी. शेंड्याकडून वाळत येणाऱ्या बारीक काड्या जिवंत लाकडापर्यंत काढून टाकाव्यात. त्या तशाच ठेवल्या तर मर खाली उतरत जाते. झाड कलमी असेल तर सांध्याखालून येणारी प्रत्येक फूट काढावी, कारण ती लिंबाची नसून जंबेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटाची असते, आणि दुर्लक्ष झाल्यास चार वर्षांत मूळ कलमाला गिळून टाकते. “आमच्या लिंबाला आताशा जाड सालीची, खडबडीत फळे येतात” अशी तक्रार करणाऱ्या घरी बहुधा हेच घडलेले असते. पानसोट जोरावर येण्यापूर्वीच दूर करावेत. जमिनीला टेकणाऱ्या फांद्या फूट-दीड फूट उचलून घ्याव्यात, म्हणजे पावसात मातीचे शिंतोडे पानांवर उडत नाहीत आणि झाडलोट करताना काटे लागत नाहीत. याउपर लिंबाला हात लावू नये. त्याची साल पातळ असते. मधोमध एकदम मोठी खिडकी पाडली तर आतल्या फांद्या उन्हाने भाजतात आणि साल तडकते. अशी फांदी उघडी पडलीच तर तिला चुन्याचा पातळ हात द्यावा.

लिंबावर काम करताना पानांकडे डोळसपणे पाहावे. लिंबाच्या फुलपाखराची अळी लहानपणी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते आणि पुढे पानासारखी हिरवी होते. बुलबुलाला घरट्यासाठी लिंबाची काटेरी आडोशाची जागा फार आवडते. शिंपी पक्षी पाने शिवून त्यांच्या पोटात घरटे करतो, ते तर कात्री लागेपर्यंत दिसत नाही. आंब्यावर लाल मुंग्यांनी पाने जोडून केलेले गोळे असतात. म्हणून छाटणीच्या आदल्या दिवशी झाडाभोवती सावकाश दोन फेऱ्या माराव्यात, फांद्या न हलविता. घरटे आढळले तर ती फांदी आणि तिच्या आसपासच्या दोन फांद्या या खेपेस सोडून द्याव्यात. बुलबुलाची पिले अंड्यापासून उडेपर्यंत साधारण महिनाभरात मोकळी होतात. झाड तेवढे थांबू शकते. माळ्यालाही ही गोष्ट काम सुरू होण्यापूर्वी सांगावी, संपल्यावर नव्हे.

पुन्हा सीताफळाकडे येऊ, कारण त्याचा मोसम चालू आहे. सीताफळाची फुले मुख्यतः नव्या फुटीवर, पानांबरोबरच येतात. त्यामुळे निष्पर्ण असताना केलेली छाटणी त्याला मानवते. प्रथम झाडावरच काळी पडून सुकलेली गेल्या वर्षीची फळे काढावीत. बुरशी त्यांत मुक्काम करून राहते. मग वाळलेल्या व एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या. मग बुंध्यापासून निघालेले जादा फुटवे. झाडाचा मध्य मोकळा, ओंजळीसारखा झाला की थांबावे. गेल्या वर्षीच्या फार लांब वाढलेल्या काड्यांचा टोकाकडील तिसरा हिस्सा कापला तरी चालतो. त्यानंतर पाणी देण्याची घाई करू नये. ज्यांच्याकडे उन्हाळ्यात पाणी पुरत नाही त्यांनी तर झाडाला वळिवाच्या पावसापर्यंत तसेच निजू द्यावे. ते कोरडवाहू माळावरचे झाड आहे, उपाशी राहण्यात त्याला कमीपणा वाटत नाही.

आंब्याचे गणित याच्या अगदी उलट. मोहोर येतो तो पक्व झालेल्या फांद्यांच्या टोकांवर. दिवाळीनंतर घर रंगविताना अडथळा होतो म्हणून ज्यांनी आंब्याची टोके उतरविली, त्यांनी त्या वर्षीचा मोहोरच उतरविला असे समजावे. आंब्याला हात लावायचा तो शेवटचे फळ उतरताच, पावसाची झड लागण्यापूर्वी, आणि तोही जपून. चीक अंगाला लागला तर कातडी भाजते, म्हणून लांब बाह्यांचा सदरा घालावा. डाळिंबाला बुंध्यापासून सतत फुटवे येतात. त्यांतले तीन-चार चांगले खोडाप्रमाणे राखून बाकीचे कोवळेपणीच मोडावेत. त्याची फळे पक्व काडीवरील आखूड फुटींवर येत असल्याने सगळीकडून सारखी कात्री फिरविणे नुकसानीचे ठरते. चिकूला छाटणी जवळजवळ नकोच. फक्त कलमाखालून रायणीची फूट आली तर ती काढावी. रायणीचे पान चिकूपेक्षा वेगळे, टोकाशी बोथट असते, एकदा ओळखले की चुकत नाही. बोर, तुती आणि फालसा ही तिन्ही नव्या फुटीवर फळणारी असल्याने त्यांना दरवर्षी बऱ्यापैकी छाटणी लागते, बोराला उन्हाळ्यात फळे संपल्यावर आणि फालशाला थंडीत. मांडवावरच्या द्राक्षवेलीचे शास्त्र स्वतंत्र आहे. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोड छाटणी सांगली-नाशिककडच्या वाचकांना आम्ही शिकवावी असे नाही. अंजीर बहुतेक घरांत वर्ज्य असल्याने या लेखात घेतलेले नाही.

पावसाळ्यात छाटणी करू नये, असे सर्वसाधारणपणे म्हणता येईल. ओल्या हवेत ताजा काप सुकत नाही आणि बुरशीला दार उघडे मिळते. चातुर्मासात हिरव्याला हात न लावण्याचा नियम ज्या घरांत आहे, त्यांची यात काहीच अडचण होत नाही. तसेच अष्टमी-चतुर्दशी टाळून काम ठरविले तरी झाडाची त्याला हरकत नसते. दोन-चार दिवस इकडेतिकडे झाल्याने बहार चुकत नाही.

आता प्रत्यक्ष कापाविषयी. बोटाएवढ्या काडीसाठी बागकामाची चांगली कात्री, म्हणजे सिकेटर, पुरेशी असते. त्याहून जाड फांदीला छाटणीची वाकडी करवत लागते. कोयता या कामातून बाद समजावा. तो फांदी कापीत नाही, फोडतो. आणि फाटलेली साल भरून यायला झाडाला कितीतरी अधिक काळ लागतो. काडीचा शेंडा मारताना बाहेरच्या अंगाला तोंड केलेला डोळा निवडावा आणि त्याच्या थोडे वर, पाव इंचावर, किंचित तिरका काप द्यावा. नवी फांदी त्या डोळ्याच्या दिशेने जाते. काप फार वर दिला तर उरलेला खुंट वाळून सडतो.

मोठी फांदी काढताना तिच्या बुंध्याशी नीट पाहावे. जिथे ती खोडाला मिळते तिथे एक फुगीर, सुरकुतलेले कडे असते. हे कडे खोडाचे असते, फांदीचे नव्हे, आणि जखम भरून काढण्याची शक्ती त्याच्यात असते. पूर्वी फांदी खोडाशी अगदी सपाट कापावी असे शिकवीत. अमेरिकेच्या वनखात्यातील शास्त्रज्ञ अ‍ॅलेक्स शायगो यांनी हजारो खोडे उभी चिरून, झाड आतून जखमेभोवती कसे कुंपण घालते ते पाहिले आणि ती रीत चुकीची असल्याचे दाखवून दिले. झाडाची जखम आपल्या कातडीसारखी बरी होत नाही. बिघडलेला भाग झाड आतल्या आत कोंडून टाकते आणि त्याच्यावरून नवे लाकूड चढविते. ते कुंपण घालणारे कडेच सपाट कापले तर सड थेट खोडात शिरते. तेव्हा कडे शाबूत ठेवून त्याच्या लगत बाहेरून कापावे. फांदी जड असेल तर एका कापात काढू नये. आधी बुंध्यापासून हातभर अंतरावर खालून तिसरा हिस्सा कापावे, मग त्याच्या थोडे पुढे वरून पूर्ण कापून वजन उतरवावे, आणि शेवटी उरलेला खुंट कड्याजवळ काढावा. असे न केल्यास अर्धी कापलेली फांदी स्वतःच्या भाराने पडताना खोडाची साल हातभर सोलून नेते.

कापावर काही लावावे की नाही, याबद्दल जाणकारांत एकमत नाही. रंग किंवा डांबर फासल्याने सड थांबत नाही, असेच शायगो यांना आढळले होते. आपली कृषी विद्यापीठे मात्र मोठ्या कापांना बोर्डो पेस्ट लावावयास सांगतात, आणि आपल्याकडील चार महिन्यांचा पाऊस पाहता मला ते पटते. अंगठ्यापेक्षा बारीक कापांना काही लावू नये. जाड कापांना पेस्ट लावावी. शंभर ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि शंभर ग्रॅम कळीचा चुना अर्धा लिटर पाण्यात निरनिराळे विरघळवून, दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतीत ढवळावे. भांडी मातीची वा प्लास्टिकची घ्यावीत, लोखंडाची मुळीच नकोत. मिश्रणात लोखंडी खिळा बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर चढला तर थोडा चुना वाढवावा. पेस्ट त्याच दिवशी संपवावी आणि मोरचूद विषारी असल्याने मुलांपासून दूर ठेवावे. या मिश्रणाचा शोध मौजेचा आहे. फ्रान्समधील बोर्डो प्रांतात वाटसरूंनी रस्त्याकडेची द्राक्षे चोरू नयेत म्हणून मळेवाले वेलींवर निळसर मोरचूद-चुना शिंपडीत. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांनी १८८२ मध्ये पाहिले, की रोगाने मळे होरपळत असताना नेमक्या त्याच वेली हिरव्यागार आहेत. १८८५ मध्ये त्यांनी ते औषध म्हणून प्रसिद्ध केले. चोरांच्या भीतीने लावलेली पूड दीडशे वर्षे होत आली तरी बाजारात टिकून आहे.

एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे जाताना कात्रीचे पाते स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे, विशेषतः डाळिंबाला तेल्या रोगाचे डाग असतील तर. बाहेरचा माळी आला असेल तर त्याच्या कात्रीचेही हेच करावे. तो शेजारच्या चार बागांतून आलेला असतो. मजुरी ठरविताना ‘झाडामागे इतके’ असे ठरवू नये, तासावर ठरवावी. झाडामागे ठरविली की त्याला लवकर आटोपण्यात लाभ असतो, आणि लवकर आटोपणे म्हणजे मोठी फांदी उडविणे. कोणत्या फांद्या जायच्या त्यांना आपण स्वतः आदल्या दिवशी चिंधी बांधून ठेवावी. शहरात राहणाऱ्यांनी एक कायदेशीर बाबही ध्यानी घ्यावी. महाराष्ट्रात नागरी हद्दीतील झाडांसाठी १९७५ चा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे, आणि त्यात झाड ‘तोडणे’ या शब्दाच्या अर्थात कापणे, जाळणे व कोणत्याही प्रकारे इजा पोचविणे येते. वर्षाची किरकोळ कात्री निराळी. पण आंब्या-जांभळाची थोरली फांदी उतरविण्यापूर्वी, झाड आपल्या आवारातले असले तरी, नगरपालिकेच्या उद्यान विभागाकडे लेखी अर्ज करावा.

कापलेल्या डहाळ्या लगेच पोत्यात कोंबू नयेत आणि जाळू तर नयेच. दोन दिवस बागेच्या कोपऱ्यात सावलीला पसरून ठेवाव्यात, म्हणजे त्यांवरचे किडे-मुंग्या, कोळी आपापल्या वाटेने निघून जातात. मग बारीक तुकडे करून झाडाच्याच आळ्यात, बुंध्यापासून वीतभर सोडून, आच्छादन करावे. तुतीचा व शेवग्याचा पाला जनावरे आवडीने खातात. जवळ पांजरपोळ असेल तर तिथे पोचवावा. लिंबाच्या काटेरी काड्या मात्र वाटेपासून दूर, स्वतंत्र ढिगात.

छाटणीनंतर तीन आठवड्यांनी झाडाकडे पुन्हा जावे, कारण खरे सोपे काम तेव्हा असते. कापांच्या आसपास, खोडावर, सांध्याखाली नको तिथे कोवळ्या तांबूस फुटी डोकावू लागलेल्या असतात. त्या अजून इंच-दोन इंचांच्या असताना अंगठ्याने बाजूला सारल्या तरी निघून येतात. कात्री लागत नाही, काप राहत नाही, मोरचूद लागत नाही. याच फुटीला वर्षभर सोडले तर तिला कात्री लागते आणि पाच वर्षे सोडले तर करवत. सकाळी दुकान उघडण्यापूर्वी दहा मिनिटे, पंधरवड्यातून एकदा, एवढ्यात चार झाडांची पाहणी होते. सीताफळाला यंदा ती पाहणी साधारण चैत्राच्या पहिल्या पंधरवड्यात करावी, पेरूला ज्येष्ठात, आणि लिंबाला बाराही महिने.